पोटॅशियम नॉर्मल असतानाही सलाईनमध्ये पोटॅशियम का घातलं?

नर्सिंग दुसरं वर्ष

मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग चालू आहे. काल सकाळी 19 वर्षांची एक मुलगी आली, टाइप 1 मधुमेहाची. उलट्यांमुळे खाणं जात नव्हतं, म्हणून घरच्यांनी दोन दिवस इन्सुलिन दिलंच नाही. शुगर 480, लघवीत कीटोन (इन्सुलिन नसलं की चरबी जळून तयार होणारं आम्ल), जीभ कोरडीठाक. श्वास मिनिटाला 34, आणि तोही खोल खोल. एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) मात्र 98 टक्के. पोटदुखी 10 पैकी 8, सारखी कण्हत होती. सोडियम 129, पोटॅशियम 5.6.

फ्लुइड, इलेक्ट्रोलाइट, ऑक्सिजन, वेदना, शुगर ही पाचही प्रकरणं मी पाठ केली आहेत, पण त्या बेडपाशी उभी राहिले आणि एकाचा दुसऱ्याशी मेळच लागेना. इन्सुलिन सुरू झाल्यावर चार तासांनी पोटॅशियम 4.4 आलं. ते तर नॉर्मल आहे ना, 3.5 ते 5.0 च्या आत? तरी सिस्टरांनी पुढच्या सलाईनमध्ये 20 एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम घातलं. एवढी धाप असून ऑक्सिजन लावला नाही. दुखण्यावर कडक इंजेक्शन दिलं नाही. कामाच्या गडबडीत त्यांना विचारायचा धीर झाला नाही. कुणी नीट समजावून सांगाल का?

आयसीयूची ताई

14 वर्षं आयसीयूत काढली आहेत, त्यावरून सांगते. तू धीर करून विचारलंस ते फार बरं केलंस.

आधी पोटॅशियम. शरीरातलं जवळजवळ सगळं, म्हणजे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आपण रिपोर्टमध्ये पाहतो ते बाहेरचं उरलेलं चिमूटभर. इन्सुलिन नसलं आणि रक्त साखरेने दाट झालं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. बाहेर आलेलं लघवीवाटे वाहून जातं, उलट्यांतूनही तूट वाढते. म्हणजे रिपोर्ट 5.6 दाखवत होता तेव्हाही तिच्या शरीरातला साठा रिकामाच होत होता. मग तुम्ही इन्सुलिन सुरू केलंत. ते साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशीत ढकलतं. 5.6 चं चार तासांत 4.4 झालं, ही घसरण बघ. सिस्टरांनी 4.4 वर उपचार केला नाही, पुढच्या चार तासांचा विचार केला. म्हणूनच सुरुवातीचं पोटॅशियम 3.5 च्या खाली असेल तर आधी ते भरतात आणि इन्सुलिन थांबवून ठेवतात. नाहीतर हृदयाचे ठोके बिघडून रुग्ण हातचा जातो.

आता श्वास. ती हवा कमी पडली म्हणून धापत नव्हती. रक्तात कीटोनचं आम्ल साठलंय, ते कमी करायला फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत होती. हा कुसमाऊल श्वास. एसपीओटू 98 असताना ऑक्सिजन लावून त्या आम्लाला काहीच फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट मनावर कोरून ठेव. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे असाच एक तरुण रुग्ण होता. पहाटे तीनला श्वास 36, साडेचारला 18. मी चार्टवर लिहिलं, "श्वास सुधारला, रुग्ण शांत झोपला." पाचला सिनियर सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी खांदा हलवून हाक मारली, तर तो डोळे उघडेना. धापून धापून तो थकला होता आणि आम्ल होतं तिथेच होतं. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच, म्हणजे आम्लाचं माप, 6.9 इतका खाली आला आणि लगेच व्हेंटिलेटरवर घ्यावा लागला. तो वाचला, पण माझ्या अक्षरातली ती ओळ मला अजून दिसते. तेव्हापासून श्वास पूर्ण एक मिनिट मोजते आणि शेजारीच लिहिते, हाकेला ओ देतो की नाही.

दुखण्याचंही इथेच उत्तर आहे. आम्ल वाढलं की पोट दुखतं, आणि ते उतरलं की बहुधा थांबतं. मॉर्फिनसारखं औषध नीट विचार न करता दिलं तर जो श्वास तिला तारतोय तोच मंदावतो. पण म्हणून दुखणं नोंदवायचं सोडू नकोस. आम्ल उतरूनही पोट दुखतच राहिलं तर स्वादुपिंडाची सूज किंवा दुसरं काही आहे का, हे डॉक्टरांना बघावं लागतं. ते त्यांना तुझ्या चार्टवरूनच कळणार.

क्लिनिकल शिक्षिका

ताईंनी सगळं छान सांगितलं. सोडियमचं राहिलं. साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते, त्यामुळे सोडियम पातळ झालेलं दिसतं. 100 च्या वरच्या दर 100 शुगरमागे साधारण 1.6 मिळवा. 480 ला सहा मिळवायचे, म्हणजे 129 चं खरं 135. सोडियमसाठी वेगळं काही करायची गरज नव्हती, 0.9 टक्के सलाईन पुरेसं होतं.

आणि पोटॅशियमबद्दल हात जोडून सांगते, ते सिरिंजने थेट शिरेत कधीही देऊ नका. नेहमी सलाईनमध्ये मिसळूनच द्यायचं. घातल्यावर बाटली दोन-तीनदा उलटीसुलटी करा, नाहीतर जड द्राव तळाशी बसतो आणि पहिल्याच मिलिलिटरांत सगळा जातो. हाताच्या शिरेतून साधारणपणे तासाला 10 एमईक्यूच्या वर नको. त्याआधी युरोबॅग (लघवीची पिशवी) बघा. वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी हवी, कारण मूत्रपिंडं बंद असतील तर दिलेलं पोटॅशियम बाहेर पडायला वाट नाही.

नर्सिंग दुसरं वर्ष

ताई, मॅडम, खूप आभार. आज ड्यूटीला गेल्यावर आधी श्वास मोजला, पूर्ण मिनिट. 20. हाक मारली तर हसली. दुखणं 2 वर आलंय, पोटॅशियम 3.9. काल सलाईनमध्ये पोटॅशियम घातलं नसतं तर आज किती आलं असतं, हा विचार दिवसभर मनात होता.

अजून एक विचारते. शुगर 240 झाल्यावर इन्सुलिनचा ड्रिप बंद न करता डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) जोडलं. आता 190 आहे आणि ती जेवण मागतेय. आता तरी ड्रिप बंद होईल ना?

आयसीयूची ताई

शुगर आधी उतरते, कीटोन मागाहून. इन्सुलिन कीटोन संपेपर्यंत हवंच, म्हणून डेक्स्ट्रोज देऊन शुगर सांभाळायची आणि ड्रिप चालू ठेवायचा. रक्तातलं आम्ल नॉर्मल झालं आणि ती जेवू लागली की डॉक्टर तो बंद करायला सांगतील. पण शिरेतून दिलेलं इन्सुलिन काही मिनिटांतच संपतं. ड्रिप आधी काढला आणि त्वचेखालचं इंजेक्शन नंतर दिलं, तर मधल्या वेळात कीटोन पुन्हा डोकं वर काढतात. त्यामुळे त्वचेखालचं लाँग-अॅक्टिंग (बराच वेळ टिकणारं) इन्सुलिन आधी, आणि ड्रिप त्यानंतर साधारण 2 तासांनी बंद. मधेच ड्यूटी बदलणार असेल तर इंजेक्शनची वेळ चार्टवर ठळक लिही आणि हँडओव्हर देताना पुढच्या सिस्टरला तोंडीही सांग.