मदत हवी आहे: आणीबाणीच्या पिशवीत पाणी आणि इन्सुलिन कसं बसवायचं?

घरात आम्ही चौघं. सासूबाईंना रोज इन्सुलिन लागतं, धाकटी दोन वर्षांची. पूर येवो, भूकंप होवो की वीज जावो, तीन दिवस निभतील एवढं सामान एका पिशवीत भरून ठेवायचं ठरवलंय. टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, कागदपत्रांच्या झेरॉक्स, सुट्टे पैसे, इथवर ठीक. गाडं अडलंय पाण्यापाशी. माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरायचं, म्हणजे चौघांचं तीन दिवसांचं ४८ लिटर. ४८ किलो पाठीवर घेऊन जिना कोण उतरणार? शिवाय फ्रिज बंद पडला तर इन्सुलिनचं काय? आणि सेल टॉर्चमध्येच घालून ठेवावेत का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
एकाच पिशवीचा हट्ट सोडा. घरात अडकून पडणं वेगळं आणि घर सोडून पळणं वेगळं. ४८ लिटर घरात राहू द्या, झाकणाच्या कॅनमध्ये, सहा महिन्यांनी बदलत. पाठीवरच्या पिशवीत माणशी लिटर-दोन लिटर पुरे, सोबत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळा, मगच गोळी. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर कमी पडतो. सेल बाहेरच ठेवा, टॉर्चमध्ये पडून राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरा थर चढतो. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

प्रतिसाद २
इन्सुलिनबद्दल. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरात असलेलं बरंचसं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, पण प्रकारानुसार फरक पडतो, खोक्यातला कागद वाचा. बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलं की पुन्हा वितळलं तरी ते वापरायचं नाही. पाण्यात भिजवून वापरायची थंड पाकिटं मिळतात, त्यांना वीज लागत नाही. फ्रिज सारखा उघडला नाही तर आत सुमारे चार तास गारवा राहतो. सुया आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत विसरू नका, नव्या ठिकाणी औषध मागायला तीच लागते.

मूळ धागाकर्ती
दोघांचेही आभार, दोन पिशव्यांचं पटलं. सासूबाईंना ओझं उचलवत नाही आणि धाकटी कडेवर असणार, म्हणजे पाठी दोनच. लहान मुलांसोबत कोणी अशी पिशवी भरली असेल तर सांगा, डायपर आणि दुधाची पावडर किती दिवसांची धरलीत?