‘अभाव’, ‘न्यूनता’ आणि ‘निमित्त’ : नवजात बाळाच्या काविळीचे शब्द

विचारणा (धुळे) :
सप्रेम नमस्कार. आशा सेविकांसाठी नवजात बाळांच्या काविळीवर मी एक माहितीपत्रक तयार करीत आहे. त्यात जी-६-पीडी, म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, या विकराविषयी (एन्झाइमविषयी) “विकराच्या जन्मजात अभावामुळे बाळाला कावीळ होते” असे वाक्य मी लिहिले होते. ते वाचून एका अनुभवी सेविकेने विचारले, “म्हणजे अशा प्रत्येक बाळाला कावीळ होणारच का?” मला उत्तर देता आले नाही, आणि दोष माझ्या वाक्यातच असावा असे वाटू लागले. ‘जन्मजात’, ‘अभाव’ आणि ‘मुळे’ हे तीन शब्द कृपया तपासून द्यावेत. तसेच ‘कावीळ’ ठेवावे की ‘कामला’, हेही सांगावे.

उत्तर (जळगाव) :
त्या सेविकेची शंका रास्त आहे. प्रथम ‘जन्मजात’ घेऊ. जे जन्मताच असते ते जन्मजात. परंतु ते आईवडिलांच्या जनुकांतून आलेले असेलच असे नाही. गर्भारपणात आईला रुबेला झाल्याने बाळाला येणारा मोतीबिंदू जन्मजात असतो, आनुवंशिक नसतो. आपल्या वाक्यात ‘आनुवंशिक’ हाच शब्द हवा. मात्र तो समजावताना आपल्याकडे ‘घराण्यातून आलेले’ असे म्हणतात आणि घराणे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वडिलांचे कूळ येते. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते, म्हणून ही न्यूनता मुलग्यांत अधिक आढळते व चौकशी आजोळची, विशेषतः मामांची, करावी लागते. हे लिहिताना दोष सुनेच्या माथी जाणार नाही अशी शब्दयोजना करावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. जनुक कोणी निवडून देत नाही.

‘अभाव’ म्हणजे मुळीच नसणे. येथे बहुतेकांत विकर असते. ते कमी असते किंवा तांबडी पेशी जुनी होत जाते तसे लवकर निकामी होते. म्हणून ‘न्यूनता’ किंवा साधा ‘कमतरता’ हा शब्द बरोबर; पत्रकासाठी मी दुसरा निवडेन.

खरी अडचण ‘मुळे’ या शब्दात आहे. मराठीत ‘कारण’ आणि ‘निमित्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि या विषयात दोन्हींची गरज पडते. हे विकर तांबड्या पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारी सामग्री पुरवते; ते कमी असले तरी एरवी पेशी निभावून नेतात, पण हिवतापावरील प्रायमाक्वीनसारखे औषध किंवा जंतुसंसर्ग असे निमित्त घडले की त्या फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिनाचे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते आणि त्वचा व डोळे पिवळे होतात. पण नवजात बाळाची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पुष्कळ बाळांत पेशी फुटल्याची ठळक खूण, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी होणे, दिसतच नाही, तरीही बिलिरुबिन वाढत जाते. कारण बिलिरुबिनाला बाहेर टाकण्याजोगे रूप देणारे यकृताचे काम त्या वयात आधीच मंद असते, आणि गिल्बर्ट सिंड्रोम या सौम्य आनुवंशिक स्थितीशी संबंधित जनुकीय फरकही त्याच बाळात असला तर ते अधिकच मंद होते. तेव्हा आवक वाढलेली आणि निकास तुंबलेला, अशी ही स्थिती आहे. “विकराची कमतरता असलेल्या बाळाला तीव्र कावीळ होण्याचा धोका अधिक असतो” हे वाक्य मला शास्त्राशी प्रामाणिक वाटते. त्यालाच जोडून, पहिल्या 24 तासांत बाळ पिवळे दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, हे ठळक अक्षरांत छापावे. बिलिरुबिन फार चढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि वेळीच निळ्या प्रकाशाचा उपचार मिळाल्यास ती बहुधा टळते. बाळंतिणीने हळदीचे वरण खाल्ल्याने बाळ पिवळे पडते, या समजुतीत ‘पिवळे’ या शब्दापलीकडे काहीही आधार नाही. तिचे जेवण तोडू नये.

‘कावीळ’च ठेवावे. तो ‘कामला’पासूनच आलेला आहे : ग्रामचे गाव, आमलकचा आवळा, कोमलचे कोवळे, तसाच येथेही ‘म’चा ‘व’ झाला.

पुरवणी (साक्री) :
वरील उत्तराला एक शब्द जोडतो. पत्रकात निमित्तांच्या यादीत ‘नॅप्थलीन’ असे आले, तर आमच्या भागात ते कोणाच्याही ध्यानात येणार नाही; तेथे ‘डांबरगोळ्या’ असे लिहावे. बाळासाठी आजीच्या जुन्या लुगड्यांची दुपटी करतात, आणि ती लुगडी वर्षानुवर्षे पेटीत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेली असतात. नॅप्थलीन दगडी कोळशाच्या डांबरापासून काढत, म्हणून या नावात पदार्थाचे मूळ शिल्लक राहिले आहे. त्या गोळ्यांच्या वाफा बाळाच्या श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातात व याच न्यूनतेच्या बाळांना बाधतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने आमच्याकडे ‘कावीय’ आणि ‘डांबरन्या गोया’ असे ऐकू येते. पत्रक वाचून दाखवताना सेविकेने हेच शब्द वापरावेत, आणि गोळ्यांतले कपडे बाळासाठी काढूच नयेत असे सांगावे.