प्रतिसाद: इव्हान फर्ग्युसन संपला?

आयर्लंडचा फुटबॉलपटू, आघाडीचा खेळाडू इव्हान फर्ग्युसन याच्याबद्दलचं ‘फर्ग्युसन संपला’ हे मत मला अजिबात पटलं नाही. अहो, पोराचा जन्म ऑक्टोबर २००४ चा! चौदाव्या वर्षी डब्लिनच्या बोहेमियन्स क्लबकडून चेल्सीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळला. सप्टेंबर २०२३ मध्ये, अठराव्या वर्षी, इंग्लंडच्या ब्रायटन क्लबसाठी न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक केली, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल. मग घोट्याच्या दुखापतीने घात केला. पाठमोरं उभं राहून बचावपटूला अंगावर घ्यायचं आणि क्षणात वळायचं, हा त्याचा खेळ. घोटा साथ देत नसेल तर वळणार कसा? वेस्ट हॅम क्लबकडे उसना (लोनवर) गेला तेव्हा एकही गोल झाला नाही, मान्य. पण त्यानंतर २०२५ मध्येच आयर्लंडसाठी हंगेरी आणि आर्मेनियाविरुद्ध त्याने गोल केलेच ना? सलग खेळू द्या की त्याला!