उरलेल्या पंधरा-वीस हजारांचं काय केलंत?

बोनस आला, मुलांच्या फिया गेल्या, सोसायटीचा मेंटेनन्सही भरून झाला आणि तरी खात्यात पंधरा-वीस हजार पडून आहेत. एवढ्यात मुंबईत चटईभर जागा येत नाही, पण बचत खात्यात ठेवले तर कुठे उडतात ते कळत नाही. तुम्ही अशा पैशाचं काय केलंत? सल्ले नकोत, स्वतः केलेलं लिहा.

गिरगावकर
निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टी निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) हजाराची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम आपोआप गुंतते. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये एजंटचं कमिशन नाही. ही सोय 2013 पासून आहे, तरी ओळखीतले एक काका कमिशनवाला रेग्युलर प्लॅनच गळ्यात मारत होते. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून जास्त अंकांनी आपटला. बाबा म्हणाले, बंद कर हे. चालू राहिली ती काही माझ्या शहाणपणाने नाही, लॉकडाऊनच्या गडबडीत ॲप उघडायचंच राहिलं.

परळची सून
सासूबाईंनी अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून एका सहकारी बँकेत एफडी केली. पुढे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि पैसे अडकले. ठेव विम्यातून मिळाले, पण फॉर्म आणि केवायसीसाठी त्यांना रांगेत उभं राहताना पाहिलंय. विमा 2020 पासून 5 लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून. शाखा बदलून ठेवी वाटल्या तर काही उपयोग नाही.

विरार लेडीज डबा
हसू नका, आमची भिशी आहे. संध्याकाळच्या विरार फास्टमधल्या बारा जणी, प्रत्येकी दोन हजार. भाईंदरची खाडी लागली की चिठ्ठी काढायची, कारण तोवर हात हलवण्याइतकी जागा झालेली असते. चिठ्ठ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात. कोणाच्या घरी लग्न किंवा ऑपरेशन असेल तर चिठ्ठी न काढता तिलाच देतो. व्याज शून्य. लिखापढी नाही, त्यामुळे एखादी पळाली तर कोर्टकचेरीलाही कागद नाही, म्हणून नवीन बाईला कोणीतरी हमी घेतल्याशिवाय घेत नाही. पण चोवीस हजार एकदम हातात येतात. माझी शिलाई मशीन त्यातच आली. बँकेतली आरडी (दरमहा भरायची ठेव) मी दोनदा मोडली आहे. भिशी मोडता येत नाही, अकरा जणी तोंडाकडे बघत असतात.

ठाणेकर
क्रेडिट कार्डाची थकबाकी आहे का? मग आधी ती. महिन्याला तीन-साडेतीन टक्के जातात. मी बोनस तिथेच घातला.

दादर, रानडे रोड
आम्ही सोनंच घेतो, पण नाणं. दागिन्यावर घडणावळ जाते आणि मोडताना ती कोणी परत देत नाही. 3 टक्के जीएसटी नाण्यावरही आहेच. सरकारी गोल्ड बाँड (सोन्याच्या भावाशी जोडलेले रोखे) चांगले होते, वर वर्षाला अडीच टक्के व्याज. फेब्रुवारी 2024 नंतर नवे निघाले नाहीत, आता शेअर बाजारातून जुने घ्यावे लागतात.
@विरार, तुमची हमी घेण्याची पद्धत आवडली हो ताई.

मुलुंड पूर्व
पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं. वर्षाला किमान 500, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत 15 वर्षं. एप्रिल 2020 पासून दर 7.1 वरच आहे. भरायचे तर 5 तारखेच्या आत भरा. व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. 6 ला भरलेत तर त्या महिन्याचं गेलं.