मदत हवी आहे: छोट्या औषध कंपनीच्या ठरावावर मत द्यायचंय, उद्या पाचपर्यंत

निशिगंध:
उद्या संध्याकाळी पाचला ई-व्होटिंग बंद होतंय, म्हणून घाईत लिहितेय. एका छोट्या औषध कंपनीचे शेअर्स आहेत. सरकारी टेंडरच्या गोळ्या आणि दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल करून देणं, एवढाच धंदा. आता म्हणतात टेंडर हळूहळू बंद करणार आणि अमेरिकेसाठी इंजेक्शनचा नवा प्लांट टाकणार. प्रवर्तकांना वॉरंट देणार आहेत, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे शेअर्स घ्यायचा हक्क. हो म्हणू की नाही? की विकून मोकळी होऊ? प्लीज लवकर सांगा.

मंदार_ठाणे:
कंपनी कोणती? कुठल्या भावाला घेतलेत? कर्ज किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निशिगंध:
नाव नको. रोज जेमतेम दोन-तीन हजार शेअर्सची उलाढाल होते, इथे लिहिलं तर उगाच भाव हलेल. विक्री पावणेदोनशे कोटींच्या आसपास. कर्ज थोडं आहे.

चार्टवाला:
भाव दोनशे दिवसांच्या सरासरीखाली असेल तर आजच विका. बातम्या नंतर येतात, भाव आधी सांगतो.

बोईसरवाला:
तारापूर एमआयडीसीत १८ वर्षं औषध कंपनीच्या क्यूएमध्ये, म्हणजे दर्जा सांभाळणाऱ्या विभागात आहे. गोळ्यांवरून इंजेक्शनवर जाणं म्हणजे शेजारच्या खोलीत नवं मशीन बसवणं नव्हे. आधी मीडिया फिल करतात: औषधाऐवजी जंतू वाढतील असं द्रावण भरायचं, सलग तीन फेऱ्या, मग बाटल्या १४ दिवस उबवायच्या आणि एकेक दिव्यासमोर धरून बघायची. आमच्या तिसऱ्या फेरीत दोन बाटल्या गढूळ निघाल्या. कारण शोधण्यात अडीच महिने गेले. भरणी चालू असताना ऑपरेटरचा हात उघड्या बाटल्यांवरून आडवा गेला होता. पुन्हा तीन फेऱ्या. तोवर विक्री शून्य, पगार आणि एसी चालूच.

मंदार_ठाणे:
मान्य, पण टेंडरमध्ये तरी काय राहिलंय? एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी बोलीच्या भावात माल द्यायचा आणि पैशांसाठी सहा-सहा महिने खेटे घालायचे. त्यात सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे कडक नियम. २५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना दिलेली वाढीव मुदतही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. जुन्या प्लांटवर खर्च करावाच लागणार, मग जिथे करणारे मोजके आहेत तिकडे का जाऊ नये? २०२३ मध्ये अमेरिकेत सिस्प्लॅटिनचा, कॅन्सरच्या इंजेक्शनचा, तुटवडा पडला होता, आठवतं ना?

बोईसरवाला:
तो का पडला तेही सांगा की. २०२२ च्या शेवटी एफडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचे लोक गुजरातमधल्या एका प्लांटवर आले, फाडलेली कागदपत्रं सापडली, उत्पादन थांबलं. ती कंपनी मोठी होती म्हणून तरली. पावणेदोनशे कोटींवाल्याने असा फटका कशाच्या जोरावर सोसायचा?

वैशाली_नगर:
थोडं अवांतर. जनऔषधीच्या गोळ्या अशाच छोट्या कंपन्यांच्या असतात का? आईला बीपीची तीच चालू आहे.

बोईसरवाला:
वैशालीताई, टेंडरनेच घेतात, छोट्याही असतात. प्रत्येक बॅच एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून मगच दुकानात जाते. आईंची गोळी बंद करू नका.

सुलभाताई:
विकणार असाल तर १२ महिने झालेत का ते बघा. आत विकलेत तर २० टक्के कर. नंतर १२.५, तोही वर्षाच्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर.

सीए_देशमुख:
विकायचं की नाही ते नंतर. आधी नोटीस नीट वाचा. वॉरंटचे २५ टक्के आत्ता येतात, बाकीचे १८ महिन्यांत भरायचे. नाही भरले तर २५ टक्के जप्त होतात, पण प्लांट अर्ध्यावर लटकतो. मग उरलेला पैसा कुठून येणार? प्रवर्तकांचा वाटा किती? ठराव एकच आहे का?

निशिगंध:
वाटा ४१ टक्के. ठराव दोन आहेत. दुसरा कर्जाची मर्यादा ६० कोटींवरून २०० कोटी करण्याचा.

सीए_देशमुख:
अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं! वर्षाच्या विक्रीपेक्षा जास्त कर्ज घ्यायची मुभा मागतायत. आणि हा विशेष ठराव आहे, विरोधाच्या तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. ४१ टक्क्यांवर त्यांना एकट्यांना जमेलच असं नाही. तुमचं मत मोजलं जाईल.

मंदार_ठाणे:
२०० कोटी? मग मी माझं म्हणणं मागे घेतो. वॉरंटला हो म्हणा, प्रवर्तकांनी स्वतःचा पैसा घालावा. कर्जाला नाही.

चार्टवाला:
भाव सरासरीच्या वर आहे की खाली, ते अजून कळलं नाही.

निशिगंध:
मतं दिली. वॉरंटला बाजूने, कर्जाला विरोधात. विकत नाहीये. शेअर्स बाबांचे आहेत, ते याच कंपनीत २६ वर्षं स्टोअरला होते. गेल्या वर्षी माझ्या नावावर झाले, म्हणून कुठल्या भावाला घेतले ते सांगता आलं नाही.

सुलभाताई:
मग १२ महिने बाबांनी घेतले त्या दिवसापासून मोजायचे, तुमच्या नावावर झाले तेव्हापासून नाही. आणि ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे असतील तर त्या दिवशीचा भाव शोधून ठेवा, कर काढताना लागेल.