सतरा इंची चाकं आणि बेळगावचे खड्डे : शहापूरकरांना उत्तर

टिळकवाडी

परवा शहापूरकरांनी आपल्या ग्रुपवर लिहिलं की हीरोच्या एक्सपल्स या मोटरसायकलची पुढची एकवीस आणि मागची अठरा इंची चाकं काढून सतरा इंची लावणं म्हणजे घोड्याचे पाय तोडून त्याला लंगडं करणं. आणखी लिहिलं की बेळगावच्या रस्त्यांवर सुपरमोटो, म्हणजे मातीवरच्या उंच गाडीला रोडची लहान चाकं, घेणाऱ्याला ना रस्ता कळतो ना गाडी. दोन दिवस गप्प बसलो, पण हे मनाला लागलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी उंची पाच फूट चार इंच. एक्सपल्स २०० फोर व्हीची सीट ८२५ मिमीवर. तीन वर्षं मी शोरूममध्ये जाऊन या गाडीवर बसायचो, बोटं जेमतेम टेकायची आणि घरी परत यायचो. मे महिन्यात कोल्हापूरच्या एका मुलाकडे सेकंडहँड मिळाली. त्याने आधीच २०० टीची, म्हणजे एक्सपल्सच्या रोडवरच्या मॉडेलची, सतरा इंची अलॉय बसवलेली, टायर पुढे १००/८०, मागे १३०/७०. बसलो तर दोन्ही चवडे जमिनीवर. तिथेच व्यवहार ठरवला.

पहिली राईड कोल्हापूर ते बेळगाव, हायवेने. खरं सांगतो, कागलपर्यंत मला गाडी आवडली नाही. ८५ च्या पुढे गेलं आणि शेजारून ट्रक गेला की हँडल हलकं पडतं, थरथरतं. तवंदी घाटात मात्र चित्र पालटलं. वळणात गाडी ढकलावी लागत नाही, नजर जिकडे गेली तिकडे ती आपोआप पडते. उंच हँडल, रुंद पकड, सरळ पाठ, आणि खाली रोडचं टायर. एकवीस इंची चाकाला वळणात घालताना लागणारा जोर इथे लागतच नाही.

खरी मजा गावात. गोवावेसपासून तिसऱ्या गेटपर्यंत रोज जाणाऱ्याला माहीत आहे, एक तुकडा काँक्रीट, मग खणलेला चर, मग दोन स्पीडब्रेकर, मग पुन्हा गुळगुळीत. माझी आधीची १५० सीसी तिथे कंबर मोडायची. हिला पुढे १९० मिमीचा ट्रॅव्हल (चाक वरखाली हलायची जागा) आहे, चर कधी गेला कळत नाही, आणि त्याच्या पुढच्या मोकळ्या तुकड्यात वळणही मिळतं. सुपरमोटोचा जन्मच असल्या मिश्र रस्त्यासाठी झालाय. १९७९ साली अमेरिकेत टीव्हीसाठी शर्यत भरवली, थोडी डांबरावर, थोडी मातीवर, कुठला रायडर सगळीकडे चालतो ते बघायला. आमच्या वॉर्डात ती शर्यत रोज सकाळी नऊला असते. पाच आठवड्यांत ९०० किलोमीटर झाले, रिम वाकलेली नाही.

शहापूरकर

पाच आठवडे! पावसाळा संपू दे, मग रिमचं बोलू.

आता आकडे घे. मूळ पुढचं टायर ९०/९०-२१, बाहेरचा व्यास साधारण ६९५ मिमी. तुझ्या १००/८०-१७ चा ५९२. म्हणजे पुढचा आस साधारण ५२ मिमी खाली आला. मागे १२०/८०-१८ चं १३०/७०-१७ झालं, तिथे फक्त १८ मिमी. गाडी नाकावर पडली. १४१० मिमीच्या व्हीलबेसला (दोन चाकांतल्या अंतराला) हा ३४ मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ दीड अंश. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, तेवढा उभा झाला, शिवाय चाकही लहान, म्हणून ट्रेल दोन्हीकडून घटला. हँडल ज्या आसावर फिरतं त्याची रेष जमिनीला जिथे भेटते, त्याच्या जेवढं मागे चाक टेकतं तो ट्रेल; तो घटला की हँडल हलकं. तवंदीत तू ज्याला मजा म्हणालास आणि कागलला ज्याची भीती वाटली, ती एकच गोष्ट आहे.

शिवाय २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची जागा) १८५ च्या आसपास आला. कारखान्यातून येणाऱ्या सुपरमोटोला फोर्कचा कोन, सस्पेन्शन, ब्रेक सगळं सतरा इंचीसाठी जुळवलेलं असतं. तुझी गाडी एका कामासाठी बनवलेली आणि दुसऱ्या कामाला जुंपलेली. मी ३० वर्षं गाड्या चालवतोय, राजदूतपासून. मला रस्ता कळत नाही असं समजू नकोस.

उद्यमबाग

शहापूरकर, हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही एक गोष्ट विसरलात आणि तीच रोज त्रास देते. साईड स्टँड. गाडी ३५ मिमी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला. गाडी उभीच्या उभी राहते, जरा उलटा उतार मिळाला की उजवीकडे आडवी. असल्या तीन गाड्या माझ्याकडे आल्या, तिन्हींचे ब्रेक लिव्हर तुटलेले. स्टँड कापून वेल्डिंग करावं लागतं, आणि कापताना खालचा पत्रा पुन्हा कोनात लावावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात मातीत रुततो.

आणि टिळकवाडी, मागच्या चाकाचे स्पेसर (चाक जागेवर धरणाऱ्या बाजूच्या कड्या) लेथवर कुणी टर्न केलेत ते बघ. ॲल्युमिनियमचे असतील तर फेकून दे, एमएसचे (माइल्ड स्टीलचे) करून घे. बेअरिंगच्या आतल्या रिंगवर सरळ दाब आला पाहिजे, अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी चेन लाईन (चेनची सरळ रेघ) जाते. चेन एका बाजूने चमकायलीय का बघ.

टिळकवाडी

उद्यमबागवाले, गाडी घरासमोर एकदा पडली. उजव्या बाजूलाच. आता कारण कळलं. चेनही एका बाजूने चमकते. धन्यवाद.

शहापूरकर, दीड अंशाचं मान्य. पण घटलेल्या ट्रेलने मी गावात आणि घाटात मोकळा झालो, हायवेवर मी महिन्यातून एकदा जातो. मग माझ्यासाठी चुकीचं काय?

निपाणी

चाकाचं राहू दे. कोल्हापूरहून घेतली म्हणजे एमएच-०९ असणार. बेळगावचा केए-२२ नंबर करून घेतलास का? एनओसी (ना-हरकत दाखला) काढलीस? का तशीच फिरवायलास?

टिळकवाडी

एमएच-०९ च आहे अजून. नावावर व्हायचीय. बारा महिन्यांची मुदत असते ना.

निपाणी

मुदत गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची आहे. नाव बदलायची नाही. ते लगेच करायचं असतं. आधी फॉर्म २९ आणि ३०, कर्नाटकात आणायची तर २८ वर एनओसी, मग २७ वर नवीन नंबर, आणि इथला लाईफटाईम टॅक्स. महाराष्ट्रातला टॅक्स परत मिळतो, पण अर्ज तू करायचा, कुणी घरी आणून देत नाही.

शिनोळीकर

हे बरं आहे. मी शिनोळीत राहतो, कामाला रोज बेळगावात. घरापासून कारखाना १८ किलोमीटर, मध्ये हद्द. माझी एमएच-०९ कायदेशीर आहे, घर महाराष्ट्रात आहे. तरी महिन्यातून दोनदा मला थांबवतात, "किती दिवस झाले कर्नाटकात?" म्हणून विचारतात. रोज संध्याकाळी परत जातो म्हटलं तर पुरावा मागतात. रोजच्या येण्याजाण्याचा पुरावा माणसाने कुठून आणायचा? डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ एमएचच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा चार दिवस मी बसने गेलो. गाडी घरी. तुम्ही फॉर्मचे नंबर सांगता, आमचं काय?

निपाणी

तुमचं मला पटतं. पण ती वेगळी गोष्ट आहे. तुम्ही तिकडे राहता, हा टिळकवाडीत राहतो. टॅक्स वाचवायला एमएच नंबर ठेवणाऱ्या लोकांमुळेच तुम्हाला थांबवतात.

शिनोळीकर

टॅक्स वाचवणाऱ्यांमुळे नाही. आमच्या नंबरमुळे. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, तोवर आम्ही दोन्हीकडचे पाहुणे. हे बोललं की सगळे म्हणतात विषयाला धरून बोला. माझ्यासाठी हाच विषय आहे. गाडीवर बसलं की आधी हद्द येते, मग वळण येतं.

शहापूरकर

अहो, सीमाप्रश्नावर आपण सगळे एकाच बाजूचे आहोत. माझे वडील त्यासाठी तुरुंगात जाऊन आले. पण इथे एका मुलाची गाडी बरोबर बसवलेली आहे की नाही एवढं बघू द्या.

निपाणी

नाही, थांबा, कागदाचं पूर्ण बोलू द्या, कारण यात माझ्या घरातलं माणूस पोळलंय. माझ्या मामेभावाने सेकंडहँड गाडी घेतली. आरसी नावावर केली, इन्शुरन्स जुन्या मालकाच्याच नावावर राहिला. चौदा दिवसांत कळवायचं असतं, याने "करू की" म्हणून सोडलं. तिसऱ्या आठवड्यात संकेश्वरजवळ रात्री उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. पाय मोडला, गाडीचा चुराडा. थर्ड पार्टीची पॉलिसी गाडीबरोबर आपोआप येते, स्वतःच्या नुकसानीची येत नाही. एक रुपया मिळाला नाही. आठ महिने घरी बसला, आईचे दागिने गेले.

तुझ्या गाडीला तर वर चाकं बदललेली. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय, कंपनीच्या मूळ नमुन्याशी न जुळणारे बदल चालत नाहीत. दंड प्रत्येक बदलाला ५०००.

टिळकवाडी

मूळ स्पोकची चाकं व्यवहारात मिळालीत, माळ्यावर आहेत. तपासणीला ती लावून नेईन.

निपाणी

म्हणजे साहेबाला एक चाक दाखवायचं आणि रस्त्यावर दुसरं चालवायचं? मामेभावाची गोष्ट मी कुणासाठी सांगितली? राग आलाय मला, स्पष्ट सांगतो.

कणकुंबी

मी गाडी चालवणारी नाही, या रस्त्यावर राहणारी आहे. जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंत शनिवार-रविवार तुमचीच माणसं असतात. मलप्रभेचा उगम बघायला येतात आणि उगमाच्या आधीच वळणं मोजत बसतात. मागच्या पावसाळ्यात माझे बाबा डेअरीला दूध घालून येत होते. धुकं इतकं की दहा फुटांपलीकडे दिसत नव्हतं. एक मुलगा वळण कापून आमच्या बाजूला आला. बाबा गटारात गेले, किटली चेपली, खांदा अजून वर होत नाही. तो मुलगा थांबला, रडला, दवाखान्यापर्यंत आला, हे मी मान्य करते. पण गाडी आपोआप वळणात पडते असं कुणी कौतुकाने लिहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या वळणाच्या पलीकडे कोण असतं ते तुम्हाला दिसत नाही.

टिळकवाडी

ताई, हे वाचून मी फोन खाली ठेवला. मीही दोन आठवड्यांपूर्वी कुसमळीच्या पुढे एका वळणात पांढऱ्या रेषेच्या पलीकडे गेलो होतो. समोर कोणी नव्हतं, म्हणून लिहिण्यासारखं वाटलं नाही. हलकं हँडल माणसाला तसं करायला लावतं, हे खरं आहे. तिकडे धुक्यात जाणार नाही.

शहापूरकर

ताईंच्या बाबांना बरं वाटो.

आता माझं. मी घोड्याचे पाय तोडल्याचं लिहिलं ते ठेवतो, कारण मापं तेच सांगतात. पण तुझ्या उंचीचा विचार मी केला नव्हता. मी पाच अकरा, मला ८२५ म्हणजे स्टूल. पाय न टेकणाऱ्याने एकवीस इंची चाकावर गोवावेसला गर्दीत पडण्यापेक्षा सतरा इंचीवर उभं राहिलेलं बरं. एवढंच मान्य. रॅली किटचा (कंपनीच्या उंच सस्पेन्शनच्या किटचा) लांब फोर्क लावला तर कोन भरून निघेल, पण तुझे पाय पुन्हा लोंबकळतील. म्हणजे तुझ्यासाठी हाच तोडगा, फक्त ८० च्या वर जायचं नाही. आणि मीटरवर विसंबू नकोस. ज्या चाकावरून ते मोजतं त्याचा व्यास घटला असेल तर मीटर जास्त दाखवतं, सर्व्हिसचे किलोमीटरही चुकतात. जीपीएस लावून एकदा ताडून बघ.

टिळकवाडी

ताडून बघतो. निपाणीकर, इन्शुरन्सचा अर्ज आज भरला, चाकांचं त्यात लिहिलंय, ते काय म्हणतात बघू. एनओसीसाठी सोमवारी कोल्हापूरला जातो.

निपाणी

लिहिलंस ते बरं केलंस. नकार आला तर माळ्यावरची चाकं लाव. उंचीचं मला समजतं, पण मामेभावाचा पायही मी बघितलाय.

उद्यमबाग

शनिवारी चारनंतर ये. स्टँड कापू, स्पेसर काढून मोजू. मूळ चाकंही गाडीत टाकून आण, त्यांचे स्पेसर बघितल्याशिवाय माप घेता येणार नाही. शहापूरकर, तुम्हीपण या, पण गाडी चालवून बघायची असेल तर स्टँड झाल्यावर.