धाडस, धीर की मनाचा हिय्या?

प्रश्न : ताईवर घरच्यांसाठी छोटा लेख लिहिते आहे. ऐन विशीत तिने ठरलेलं लग्न मोडलं आणि एकटी पुढे शिकायला निघून गेली. याला 'धाडस' म्हणावं की 'धैर्य'? पहिला शब्द उथळ वाटतो, दुसरा भाषणातला.

– उथळ वाटतो, कारण तो आपण रागावतानाही वापरतो : 'नसतं धाडस करू नकोस.' 'साहस' तर एके काळी गुन्हाच होता. 'सहस्' म्हणजे बळ, जोर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उघड बळजोरीने केलेलं कृत्य म्हणजे साहस. दंडाच्या पायऱ्यांनाही पूर्व, मध्यम आणि उत्तम साहस अशीच नावं होती. उत्तम साहस म्हणजे ५०० ते १००० 'पण' (तेव्हाचं नाणं) इतका दंड. आज साहसाचं कौतुक होतं खरं, पण ताईंनी बळजोरी कुणावर केली? मी तरी 'मनाचा हिय्या केला' असं लिहीन. हिय्या म्हणजे हृदयच, प्राकृत 'हिअअ'वरून आलेलं. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात भीती गृहीत धरलेली आहे. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला हिय्या करावा लागत नाही.

– सहमत. पण हिय्या त्या घडीपुरता. नंतरची वर्षं निभावायला 'धीर' लागतो. 'सांगायचा धीर झाला नाही' यात तो धैर्य असतो, 'जरा धीर धर' यात संयम. शिवाय धीर दुसऱ्याला देता येतो; हिय्या ज्याचा त्यालाच करावा लागतो. ताईंना तेव्हा धीर कुणी दिला?

– आजीने. 'तू नाही म्हण, पुढचं मी बघते,' एवढंच म्हणाली होती. मग 'आजीच्या हिमतीवर ताई शिकली' असं लिहू का?

– तिथे थोडं थांबा. 'हिंमत' अरबीतून फारसीमार्गे आली. मुळात अर्थ इच्छा, संकल्प. म्हणून 'हिमतीवर'च्या आधी आपण बहुतेक वेळा 'स्वतःच्या' म्हणतो. ताई शिकल्या त्या स्वतःच्याच हिमतीवर. आजींसाठी 'भरवसा' घ्या : 'आजीच्या भरवशावर ताईने मनाचा हिय्या केला.' आणि आजींचे ते शब्द लेखात जसेच्या तसे येऊ द्या, त्यांना विशेषण नको.